विसरलेल्या ओळींचा अल्बम

वडशात माझ्या कामाला नाव नाही. शेजारच्या किराणा दुकानदाराने ते आपल्यापुरतं ठरवून टाकलंय. कुणी पाहुणा माझं घर विचारत आला की तो सांगतो, "त्या का? त्या गाणे तपासते." राइस मिलमध्ये तांदूळ तपासतात, शाळेत पेपर तपासतात, तशी मी गाणी तपासते. रस्त्यात भेटला की चिडवतो, "काय ताई, आज कोण नापास झालं?" मी म्हणते, "झालं एक, घरी बसून रडून राह्यलं." मग आम्ही दोघं हसतो आणि तो साखर तोलायला लागतो.

खरं काम असं की, मी रॉक आणि इलेक्ट्रॉनिक संगीताच्या अल्बमची परीक्षणं लिहिते. आधी नागपूरच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत लिहायची, मग इंटरनेटवरच्या मासिकांसाठी लिहू लागले. पोटासाठी इथल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, तिथून निवृत्तही झाले. पण दोन्ही कामं कानाचीच. ट्रंक कॉलच्या त्या खरखरीत सिरोंच्याहून बोलणाऱ्या माणसाचा हुंदका कुठला आणि लाइनचा आवाज कुठला, हे ओळखायची सवय लागली होती. ती पुढे फार उपयोगी पडली.

आम्ही मूळचे राजुऱ्याचे. बाबा कोळशाच्या खाणीत होते. खाणीच्या वसाहतीतले एक साहेब बदली होऊन निघाले, तेव्हा त्यांच्या मुलांच्या कॅसेटी भंगारात गेल्या. बाबांनी भंगारवाल्याकडून तो खोका आणला, कारण खोका मजबूत होता. खोक्यात आईने तुरीची डाळ ठेवली आणि कॅसेटी माझ्या वाट्याला आल्या. पहिली लावली, तर स्वयंपाकघरातून आई ओरडली, "अवो बंद कर ते, मोटर जळून राह्यली वाट्टे!" ती इलेक्ट्रिक गिटार होती. मी बंद केली नाही. माझ्या अंगावर काटा आला होता, आणि तो काटा अजून पुरता गेलेला नाही. माणसाने लाकडाला तारा लावून, त्यात वीज सोडून असं काही करावं, याचं मला आजही नवल वाटतं. परीक्षकाला नवल वाटणं बंद झालं, की त्याने दुसरा धंदा बघावा असं माझं मत आहे.

बाहेरच्यांना वाटतं, गाणी ऐकायची आणि आवडलं-नावडलं लिहायचं, यात काय विशेष. काम तसं सरळच आहे. अल्बम बाजारात यायच्या आधी त्याची लिंक येते. मी तो पहिल्यांदा भाजी निवडताना ऐकते. हात थांबले, तर त्या गाण्यात काहीतरी आहे. दुसऱ्यांदा हेडफोन लावून, दार बंद करून. तिसऱ्यांदा अंगणात, मोबाइलच्या फुटक्या स्पीकरवर, कारण जग बहुतेक गाणी तशीच ऐकतं. संकलन असेल, म्हणजे जुन्या गाण्यांतून निवडून केलेला अल्बम, तर मी आधी बघते की निवडणाऱ्याने काय गाळलं. आणि मैफलीचं थेट ध्वनिमुद्रण असेल, तर गाणाऱ्याच्या आधी गर्दी ऐकते. गर्दी केव्हा ओरडते ते सोपं असतं. ती केव्हा गप्प होते, ते शोधावं लागतं.

या गर्दीवरून एकदा गंमत झाली. मोठ्या शहरातल्या एका बँडचा 'लाइव्ह' अल्बम आला. सगळीकडे कौतुक चाललेलं. मी भाजी निवडत ऐकत होते आणि मला एक शिट्टी ओळखीची वाटली. पुढच्या गाण्यानंतर पुन्हा तीच, आणि शिट्टीमागे तोच खोकला. प्रत्येक गाण्याच्या शेवटी तो बिचारा शिट्टी मारून खोकत होता. टाळ्या मागाहून चिकटवल्या होत्या. मी लिहिलं, "या मैफलीला एकच माणूस आला होता आणि त्याला औषधाची गरज आहे." बँडमधल्या एकाचा फोन आला. मला वाटलं, आता शिव्या खायच्या. तो म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी खरंच कुणी आलं नव्हतं हो." मला एकदम त्याच्याबद्दल माया वाटली. रिकाम्या खुर्च्यांपुढे पोरं जीव तोडून वाजवत होती आणि वाजवलं खरोखर चांगलं होतं. पुढच्या लेखात मी तेही लिहिलं.

दुसरं गिऱ्हाईक युरोपातलं. एकटा माणूस, खोलीभर यंत्रं, आणि त्यातून काढलेला तासभर चालणारा एकच घुमारा. मी परीक्षणात लिहिलं की, आमच्या भिंतीपलीकडे राइस मिल आहे, तिचा आवाज असाच येतो, फक्त मिलमध्ये शेवटी तांदूळ निघतो. त्याला राग यायला हवा होता. त्याची ईमेल आली, "कृपया तुमची मिल मला पाठवा." मी मोबाइलवर मिलचा आवाज टिपून पाठवला. मिलमालकाला सांगितलं, तर तो म्हणाला, "धान सोडून आवाज न्यायचा? न्या, न्या." पुढच्या अल्बममध्ये आमची मिल आहे. मी हेडफोन लावून ती ऐकली आणि थक्क झाले. इतकी वर्षं भिंतीपलीकडे होती, पण तिच्या पोटात इतके सूर आहेत हे मला दूर देशातल्या माणसाने दाखवलं.

मी मात्र आजवर एकही रॉकची मैफल प्रत्यक्ष पाहिलेली नाही. कधी रजा नव्हती, कधी सोबत नव्हती. आता गुडघे नाहीत. याची खंत आहे, लपवत नाही.

आता ज्या परीक्षणासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येते. ते मी कुठेही छापलेलं नाही.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता आरमोरीहून इंदूबाई नावाच्या एक बाई माझ्याकडे आल्या. त्यांचे यजमान सुखदेवभाऊ झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गन वाजवायचे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्याकडे गावोगाव पेंडॉल टाकून नाटकं होतात आणि त्या कंपन्यांचं ठाणं वडशात आहे. रंगमंचाच्या खाली, प्रेक्षकांकडे पाठ करून वादक बसतात. ऑर्गनवाला, तबलेवाला आणि हल्ली विजेवरचे ठोके देणारा ऑक्टोपॅडवाला. गाणं आवडलं, तर पेंडॉल "वन्स मोअर"च्या आरोळ्यांनी दणाणून जातो आणि नटाला ते पुन्हा म्हणावंच लागतं. सुखदेवभाऊ आदल्या हिवाळ्यात, हंगामातच, छातीत दुखून गेले होते.

इंदूबाईंनी पदराची गाठ सोडून एक पेन ड्राइव्ह काढला. कंपनीच्या लोकांनी प्रेक्षकांच्या मोबाइलवरून जमवलेली ध्वनिमुद्रणं त्यात होती.

"ताई, तुम्ही गाणे तपासता म्हणे. हे तपासून द्याचं हाये."

"काय तपासू?"

"ते खरंच चांगले वाजवत होते का, ते सांगा."

त्या शांतपणे बोलत होत्या. बहुतेक घरून ठरवूनच आल्या होत्या.

"दिवाळी झाली का ते जायचे, होळीले यायचे. धान कापणं, चुरणं, पोरीची बिमारी, सासूचं मरण, सारं मी एकटीनं काढलं. मी त्याईले कधी कायी म्हटलं नाई. आता लोक म्हणते, हात लय चांगला होता. मेलेल्या माणसाले तं सारेच चांगलं म्हणते. मले खरं पाह्यजे. ज्याच्यासाठी मी इतले हिवाळे काढले, ते कायी होतं का नाई होतं? वाईट असन तं वाईट सांगा."

"तुम्ही कधी ऐकलं नाही?"

"घरी कुठी ऑर्गन? ऑर्गन कंपनीचा. गावात नाटक आलं तं जात होती. पण पोरगी मांडीवर, अन बायांच्या बाजूनं त्याईची पाठच दिसे. नवऱ्याच्या पाठीकडे पाहत बसली, तं बाया हासत. सारे वन्स मोअर वरडत, मी नाई वरडली कधी. आपल्याच माणसाले काय वरडाचं?"

वर्षाच्या स्मृतिदिनाला त्यांना ते ऐकायचं होतं, चारचौघांत. मी हो म्हटलं. जन्मात इतकं कठीण परीक्षण माझ्याकडे कुणी मागितलं नव्हतं.

ऐकायला बसले आणि धसका घेतला. प्रेक्षकांमधून केलेलं मुद्रण म्हणजे शेंगदाण्याच्या पुड्या, लेकरांची रडारड, शिट्ट्या, आणि माइकवर नटाचा आवाज. ऑर्गन कुठे तरी तळाशी. कान लावून तो बाहेर काढला, तर नटाच्या मागे मागे चालणारा, वेगळं काहीही न करणारा. एकामागून एक नाटकं ऐकत गेले. सगळीकडे तेच. सूर चोख, ताल चोख, पण त्याच्याविषयी एक वाक्य लिहावं असं काही सापडेना. माझ्या नेहमीच्या भाषेत सांगायचं, तर पास, पण जेमतेम. हे इंदूबाईंना कसं सांगायचं, या विचाराने मला दोन घास गोड लागेनात.

मग एका ध्वनिमुद्रणात भाजी निवडणारे माझे हात थांबले.

झाडीपट्टीच्या नटाची एक चूक असते, ती दुसरीकडे कुणी करणार नाही. आज या गावात फौजदार, उद्या त्या गावात नवरीचा बाप, परवा आणखी कुणी. नाटकं अनेक, तालमी थोड्या. त्यामुळे कधी कधी आजच्या नाटकात कालच्या नाटकाचं कडवं तोंडातून निघून जातं. प्रॉम्प्टर विंगेतून बोंबलतो, पण ऑक्टोपॅडच्या दणक्यात गाणाऱ्याला ते ऐकू येत नाही. या ध्वनिमुद्रणात तेच झालं होतं. कडक फौजदार गाता गाता एकदम लेक सासरी पाठवणाऱ्या बापाच्या कडव्यात शिरला. आणि तळाशी असलेला ऑर्गन वर आला.

सुखदेवभाऊंनी त्याला थांबवलं नाही. बापाची ती चाल त्यांनी उचलली, जणू ती तिथे असायचीच होती. मग तिचा एक सूर बदलला. मग दुसरा. लय थोडी चढवली. बघता बघता बापाची चाल फौजदाराच्या चालीत विरघळली आणि नटाला आपलं कडवं आठवलं. पेंडॉल ओरडला, "वन्स मोअर!"

मी जन्मभर इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकलं आहे. एका तबकडीतून दुसऱ्या तबकडीत सांधा न दिसता जाणं, हा तिथल्या डीजेंचा मोठा हुन्नर मानला जातो. त्यांच्याकडे यंत्रं असतात, दोन्ही गाणी आधी ठरलेली असतात. इथे पायाने भाता मारणाऱ्या माणसाला, पुढची चूक कोणती येणार हेही ठाऊक नव्हतं. मी ते पुन्हा ऐकलं. पुन्हा ऐकलं. हेडफोन काढला तेव्हा डोळ्यांना धार लागली होती, आणि भाजी तशीच पडलेली.

आता कुठे ऐकायचं ते कळलं होतं. सगळी ध्वनिमुद्रणं पुन्हा पहिल्यापासून काढली आणि फक्त नट चुकतो ती जागा शोधत गेले. जिथे चूक, तिथे सुखदेवभाऊ. कुणी शब्द विसरला, तर त्या शब्दाची चाल ते एका बोटाने हळूच वाजवून देत. कुणी सूर सोडला, तर ऑर्गनच त्या सुरावर येऊन बसे, म्हणजे चूक चूकच राहत नसे. एरवी ते दिसत नव्हते, कारण एरवी त्यांची गरज नव्हती.

एक तुकडा मात्र सगळ्यांहून निराळा होता. बहीण भावासाठी गाते असं गाणं. पहिल्या ओळीनंतर बाईचा आवाज थांबतो. ऑर्गन तिला शब्दाची चाल देतो, ती येत नाही. ऑर्गन पूर्ण कडवं वाजवतो, तरी ती येत नाही. मग तो नाटकाची चालच सोडतो आणि काहीतरी लहानसं, गोल गोल फिरणारं वाजवू लागतो. त्याची लय विचित्र होती. दोन सरळ ठोके आणि तिसऱ्यावर किंचित अडल्यासारखी. आणि पेंडॉल गप्प होत जातो. शिट्ट्या थांबतात, पुड्या थांबतात, लेकरंसुद्धा. मी इतकी थेट ध्वनिमुद्रणं ऐकली, पण इतक्या माणसांची अशी शांतता कधी ऐकली नव्हती. बऱ्याच वेळाने बाईचा आवाज त्या सुरांवर अलगद येऊन टेकतो आणि गाणं पुढे जातं.

ती चाल कुठली ते मला लागेना. नाट्यगीतांत शोधली, गोंडी गाण्यांत शोधली, जाणकारांना फोन केले. कुणाला ठाऊक नव्हती.

त्या गाणाऱ्या बाई म्हणजे शालूबाई. झाडीपट्टीच्या जुन्या नटी, वडशातच राहतात. दुपारी त्यांच्याकडे गेले आणि तो तुकडा ऐकवला. त्यांनी डोळे मिटले.

"त्या दिवशी सकाळी माह्या भावाची माती करून आली होती मी," त्या म्हणाल्या. "तारीख घेतलेली, पेंडॉल टाकलेला. नाई कसं म्हणाव? पहिली ओळ म्हटली अन गळाच बसला. खाली सुखदेवभाऊनं मान वर करून पाह्यलं. त्याईले समजलं."

"मग ते वाजवलं ते काय होतं?"

"ते मले नाई ठाऊक, बाई. कोणत्याच नाटकातलं नव्हतं. पण पाठीवरून कोणी हात फिरवून राह्यलं, असं वाटलं मले. मंग आला आवाज."

मी त्यांना माझा बेत सांगितला. सुखदेवभाऊंचा अल्बम करायचा, आणि त्यात फक्त चुका घ्यायच्या. त्या जागा सोडल्या, तर त्यांचा हात ऐकूच येत नाही. शालूबाई एकदम ताठ बसल्या.

"म्हणजे माह्या चुका लोकाईले ऐकवशीन? सारी जिंदगी स्टेजवर घातली मी."

"तुम्ही नको म्हटलं, तर नाही घेणार."

चहा आला, निवला. मग म्हणाल्या, "माह्यं सर्वात आधी लाव. बाकीचे कुरकुर करन, तं त्याईले सांग, शालूबाईचं पह्यलं हाये." मी मात्र त्यांचं शेवटी लावलं, कारण त्या शांततेनंतर दुसरं काही लावता आलं नसतं. हे सांगितल्यावर त्यांनी ते मानलं.

स्मृतिदिन आरमोरीला इंदूबाईंच्या अंगणात झाला. सकाळची वेळ. बुद्धवंदना झाली, खीर वाटली. कंपनीचे लोक एका बाजूला, शेजारच्या बाया दुसऱ्या बाजूला. मी परीक्षण लिहून नेलं होतं, चांगलं जमलंही होतं. ते आधी वाचायचं ठरलं होतं. पण इंदूबाई म्हणाल्या, "आधी ऐकू द्या. तुमचं मंग."

मी आधी दोन शब्दांत सांगितलं की काय ऐकायचं, आणि मोबाइलवर अल्बम लावला. फौजदाराच्या चुकीला कंपनीची माणसं हसली. तो नट तिथेच होता, तोही हसला. मग एकेक करून हसू मावळत गेलं. चुकीमागून चूक येत होती आणि प्रत्येकीत तो माणूस वर येत होता, काम करून पुन्हा खाली जात होता. तबलेवाले भाऊ म्हणाले, "आम्ही बाजूले बसत होतो रे, तरी असं ऐकलं नाई कधी." इंदूबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. चेहरा हलत नव्हता. मला धास्ती वाटायला लागली.

शेवटी शालूबाईंचा तुकडा आला. आवाज थांबला. ऑर्गनने शब्द दिला, कडवं दिलं. मग ती गोल फिरणारी चाल सुरू झाली.

इंदूबाई खांबापासून सरकल्या.

"हे तं माह्यं हाये," त्या म्हणाल्या.

कुणाला काही समजलं नाही. त्या उठून आत गेल्या आणि सूप घेऊन आल्या. सुपात काही नव्हतं. उभ्या राहून त्यांनी ते रिकामं सूप पाखडायला सुरुवात केली. दोनदा झटकलं आणि तिसऱ्यांदा कणी खाली बसवायला बोटाने कडेवर टकटक केलं. दोन झटके आणि एक अडणं. ऑर्गन आणि सूप बरोबर एकमेकांवर बसले.

"पाखडताना मी गुणगुणते हे. शबद नाई ह्याले. माह्या आईचं असन. ते होळीले घरी आले का ओसरीत पडून राहत, अन मी पाखडत राहू. मले वाटे, झोपले हायेत."

बोलता बोलता त्यांचे हात थांबले नाहीत. शालूबाईंनी तोंडाला पदर लावला. मोबाइलमध्ये तो भरलेला पेंडॉल गप्प होता आणि बाहेर हे अंगण. मग शालूबाईंचा तो जुना आवाज अलगद येऊन टेकला, गाणं पुढे गेलं आणि संपलं.

माझ्या हातात परीक्षणाचा कागद होता. तो मी घडी घालून पर्समध्ये ठेवला.

इंदूबाईंनी सूप खाली ठेवलं. एकदा कंपनीच्या माणसांकडे पाहिलं, एकदा बायांकडे. मग मान खाली घालून, आयुष्यात पहिल्यांदाच, अगदी हळू आवाजात त्या म्हणाल्या, "वन्स मोअर."